एक रचना, अनेक ध्वनिमुद्रणे

बीथोव्हनने पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी पाच कॉन्चेर्टो रचले. मुंबईत १९३६ साली जन्मलेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांनी हे पाचही कॉन्चेर्टो पियानोवादक राडू लुपू यांच्या साथीने इस्रायल फिलहार्मॉनिक घेऊन ध्वनिमुद्रित केले आणि पुढे व्लादिमीर अश्केनाझी यांच्या साथीने व्हिएन्ना फिलहार्मॉनिक घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केले. संचालक तोच, छापील स्वरलिपी तीच. तरी दोन्ही संच ऐकताना लय, ठेहराव, स्वरांचे वजन निराळे लागते. श्रोता त्यांची तुलना करतो आणि म्हणतो, ही दोन्ही बीथोव्हनच्या पाचव्या कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रणे आहेत. या साध्या विधानात तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे. कानावर तर दोन वेगवेगळे नादप्रवाह पडले. मग ती दोन्ही ज्याची ध्वनिमुद्रणे आहेत, ते तिसरे काय आणि ते असते कुठे?

हा प्रश्न पाश्चात्त्य संगीतापुरता नाही. एकच बंदिश चार गायक गातात, एकच अभंग शंभर गावांत शंभर चालींत म्हटला जातो, एकाच संताची पदे मंदिरात आणि गुरुद्वारात वेगळ्या रीतीने गायिली जातात. या सगळ्यांत 'तेच' काय आहे, याचा विचार भारतीय दर्शनांनी शब्दाच्या संदर्भात दोन हजार वर्षांपूर्वीच केला. त्या विचाराच्या उजेडात एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक संगीतपरंपरा आपल्या रचनेतले काय अढळ धरायचे आणि काय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या स्वाधीन करायचे, हे ठरवून चाललेली असते. ध्वनिमुद्रणाने ही सीमारेषा पुसट होते, कारण यंत्र सगळेच सारख्या निष्ठेने टिपते. अनेक ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली की ती रेषा पुन्हा दिसू लागते. तुलनेचे खरे प्रयोजन हे आहे.

लिहिलेली रचना

कॉन्चेर्टो म्हणजे एक एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उभी राहणारी, बहुधा तीन भागांची रचना. ती स्वरलिपीत लिहिलेली असते. त्यामुळे रचना म्हणजे तो कागद, असे सहज वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

५ एप्रिल १८०३ रोजी व्हिएन्नात बीथोव्हनने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो प्रथम सादर केला. पाने उलटण्यासाठी शेजारी बसलेल्या इग्नाझ फॉन झायफ्रीड यांनी लिहून ठेवले आहे की पियानोच्या भागाची बहुतेक पाने कोरीच होती. अधूनमधून फक्त बीथोव्हनलाच कळतील अशा खुणा होत्या. म्हणजे त्या संध्याकाळी रचना वाजली, पण पियानोचा भाग कागदावर उतरलेला नव्हता. मोझार्टच्या १७८८ सालच्या एका कॉन्चेर्टोत डाव्या हाताचा बराचसा भाग त्याने लिहिलेलाच नाही. तो वाजवणार स्वतः होता, त्याला लिहिण्याची गरज नव्हती. आज आपण ऐकतो तो डावा हात त्याच्या मृत्यूनंतर रचना छापताना भरला गेला.

कॉन्चेर्टोत कॅडेन्झा नावाची एक जागा असते. तिथे वाद्यवृंद थांबतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो. मोझार्टच्या काळी तिथे वादकाने आयत्या वेळी सुचेल ते वाजवावे, अशी अपेक्षा होती. बीथोव्हनने १८०९ च्या सुमारास आपल्या पहिल्या चार कॉन्चेर्टोंसाठी स्वतः कॅडेन्झा लिहून दिल्या आणि पाचव्यात तर वादकाने स्वतःची कॅडेन्झा घालू नये, अशी सूचनाच दिली. अढळ आणि मोकळे यांच्यामधली रेषा एकाच रचनाकाराच्या आयुष्यात अशी सरकली.

रचनाकाराने स्वतः वाजवलेले ध्वनिमुद्रण तरी अंतिम मानावे काय? राखमानिनोव्हने १९०९ साली रचलेला आपला तिसरा कॉन्चेर्टो १९३९-४० मध्ये युजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला. त्यात त्याने स्वतःच लिहिलेले काही भाग गाळले. पुढच्या पिढ्यांतील अनेक पियानोवादक ते भाग आवर्जून वाजवतात. इथे रचनाकाराचे वादन आणि रचनाकाराचा कागद एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जाणकारांनी रचना म्हणून कागदाची बाजू घेतली आहे. रचना एकदा जन्मली की ती जन्मदात्यापासूनही थोडी स्वतंत्र होते, असा याचा अर्थ.

कागद तरी निर्णायक आहे काय? ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ग्लेन गूल्ड ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवणार होते. संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगितले की गूल्ड यांनी निवडलेली अतिविलंबित लय आपल्याला पटलेली नाही, तरी त्यांच्या विचाराचा मान राखून आपण संचालन करणार आहोत. दोघांपुढे स्वर तेच होते. मतभेद होता तो लयीचा, म्हणजे जे कागदावर अंदाजानेच सांगता येते त्याचा. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना श्रोत्याला स्वतःलाच ठरवावे लागते की ब्राम्सची रचना कुठपर्यंत ताणली तरी ब्राम्सचीच राहते.

यंत्राची मर्यादा

ध्वनिमुद्रणांची तुलना करण्यापूर्वी यंत्राने नादावर काय परिणाम केले ते ओळखावे लागते. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवात नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास नाद मावत असे. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत मांडावा लागला. कॉन्चेर्टोवर दुसऱ्या प्रकारचे संकट आले. पियानोवादक आर्तुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये संचालक माल्कम सार्जंट यांच्यासह बीथोव्हनचे पाचही कॉन्चेर्टो मुद्रित केले, तेव्हा चाळीस मिनिटांच्या आसपासची रचना चार-साडेचार मिनिटांच्या तुकड्यांत वाजवावी लागे. रागाला आपला विस्तार आवरावा लागला; कॉन्चेर्टो पूर्ण राहिला, पण त्याचा अखंडपणा मोडला. १९४८ पासून दीर्घ मुद्रिका आल्या आणि ही अडचण सरली.

मराठी संगीताच्या इतिहासात या यंत्राबाहेर राहिलेली माणसेही आहेत. 'संगीत स्वयंवर' या १९१६ सालच्या नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण व्यावसायिक ध्वनिमुद्रणापासून ते दूर राहिले. दोघांचे गाणे आज आहे ते शिष्यांच्या गळ्यांत. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या, गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या एका मुद्रिकेत उतरली, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत तिला जागा मिळाली. त्याच तबकडीवर ग्लेन गूल्ड यांनी पियानोवर वाजवलेला बाखही आहे. पृथ्वीबाहेरच्या कुणा श्रोत्याच्या हाती ती लागली, तर त्याला भैरवी म्हणून एकच भैरवी ऐकायला मिळेल. त्या भैरवीतले काय रागाचे आणि काय केसरबाईंचे, हे सांगण्याचा कोणताच मार्ग त्याच्यापाशी असणार नाही. एकुलत्या ध्वनिमुद्रणाची मर्यादा याहून स्पष्ट दिसणार नाही.

न लिहिलेली रचना

हिंदुस्थानी संगीतात राग लिहिलेला नसतो आणि बंदिशही मुख्यतः तोंडी चालत येते. तरीही 'हीच ती बंदिश' अशी ओळख पटते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली ते वारले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तो म्हणजे भीमसेन जोशी. त्यांना गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्याच गुरूकडे गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर शिकले.

तीन शिष्यांची ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली की तुलनेचा उत्तम पाठ मिळतो. दस्तूरांनी खाँसाहेबांचा नाजूक, हळुवार लगाव जपला. खाँसाहेबांच्या मुद्रिकेतली 'गोपाला मेरी करुणा' ही चीज त्यांच्या मैफलीची खूण झाली. गंगूबाईंचा आवाज भरदार आणि खर्जाकडे झुकलेला. त्यांच्या गाण्यात स्वर संथपणे, एकेक पायरी चढत उभा राहतो. भीमसेनांनी त्यात दमसास आणि तानेचा जोर आणला. आवाज तीन, स्वभाव तीन, मांडण्या तीन. सगळ्यांत राहणारे समान तत्त्व म्हणजे स्वराला बिलगून, त्याच्या भोवती थांबत राग उलगडण्याची रीत. ते कोणा एकाच्या तबकडीवरून हाती लागत नाही. तिघांना ऐकल्यावर ते हळूहळू स्पष्ट होते आणि मग गुरूच्या, गुरूच्या गुरूच्या तीन मिनिटांच्या मुद्रिकेतही ओळखू येते.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. लहानपणी तबकड्यांवरचे मोठमोठ्या गायकांचे गाणे ते हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात बालगंधर्वांची नाट्यपदे गायिली, तेव्हा त्यात नक्कल उरली नव्हती. बालगंधर्वांच्या मूळ मुद्रिका आणि कुमारांचे गायन एकापाठोपाठ ऐकले, तर पहिल्यात न जाणवलेल्या जागा दुसऱ्यामुळे जाणवतात. नंतरचे गायन आधीच्या गायनाचे भाष्य होते. वेदान्तात सूत्रावर अनेक भाष्ये झाली म्हणून सूत्र अनेक झाले नाही. नाट्यपदाचेही तसेच आहे.

शब्द नित्य की अनित्य

या सगळ्याला तात्त्विक आधार काय? मीमांसक, नैयायिक आणि वैयाकरण यांनी शब्दाविषयी घातलेला वाद इथे थेट उपयोगी पडतो.

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चार त्याला प्रकट करतो, निर्माण करत नाही. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींनी लोकव्यवहाराचा दाखला दिला आहे. 'गो' हा शब्द आठ वेळा उच्चारला गेला, तर लोक 'एक शब्द आठदा उच्चारला' असे म्हणतात, 'आठ शब्द झाले' असे म्हणत नाहीत. 'हा तोच' अशी जी ओळख पटते तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि मीमांसकांचा भर तिच्यावर आहे. बीथोव्हनच्या पाचव्या कॉन्चेर्टोची कितीही ध्वनिमुद्रणे झाली तरी कॉन्चेर्टो एकच, असे म्हणणारा श्रोता नकळत मीमांसकांच्या बाजूला उभा असतो.

नैयायिक हे मानत नाहीत. शब्द उत्पन्न होतो, कारणांवर अवलंबून असतो आणि नाश पावतो. म्हणून तो अनित्य. मग 'हा तोच' असे वाटते त्याचे काय? ते सादृश्यामुळे वाटते, एकाच जातीचे असल्यामुळे वाटते. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी आपण तिला तीच म्हणतो. नैयायिकांचा हा इशारा संगीतात मोलाचा आहे. प्रत्येक मैफल खरोखरच नवी असते. लुपूंचे वादन आणि अश्केनाझींचे वादन या दोन घटना आहेत. त्यांना एक म्हणण्याच्या घाईत त्यांचे वेगळेपण हरवू नये.

वैयाकरणांनी या दोन टोकांमध्ये बारीक भेद केला. पतंजलीने महाभाष्यात विचारले आहे की बोलणारा जलद बोलला किंवा सावकाश बोलला, तर वर्ण बदलतो काय? एकच वाट रथी लवकर कापतो, घोडेस्वार त्याहून सावकाश, पायी जाणारा आणखी सावकाश. वाट तेवढीच असते. पुढे तो नगाऱ्याचे उदाहरण देतो. नगाऱ्यावर आघात केला की एकाचा नाद वीस पावले जातो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस. स्फोट, म्हणजे शब्दाचे न बदलणारे मूळ रूप, तेवढाच असतो. वाढ होते ती ध्वनीमुळे. भर्तृहरीने वाक्यपदीयात ध्वनीचेही दोन प्रकार केले. ज्याच्यामुळे शब्द कळतो तो प्राकृत ध्वनी. शब्द कळल्यानंतर द्रुत, मध्यम, विलंबित असा वृत्तीचा फरक ज्याच्यामुळे पडतो तो वैकृत ध्वनी.

ध्वनिमुद्रणांच्या तुलनेसाठी याहून नेमके साधन मिळणे कठीण. फक्त एक दुरुस्ती करावी लागते. भाषेत लय बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. संगीतात लय, लगाव, आवाजाचा पोत यांनीही अर्थ घडतो. विलंबित ख्यालातला स्वर द्रुतात तसाच राहत नाही. म्हणून संगीतात प्राकृत काय आणि वैकृत काय, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. ते परंपरा ठरवते. कॉन्चेर्टोत लिहिलेले स्वर प्राकृत, लयीची नेमकी गती बरीचशी वैकृत. रागात स्वरांचे परस्परसंबंध आणि चलन प्राकृत, त्यातली प्रत्येक तान वैकृत. बंदिशीत शब्द, ताल आणि सम गाठण्याची रीत प्राकृत, शब्दांचा क्रम मात्र कधी कधी सैल. गूल्ड आणि बर्नस्टाइन यांच्यातला वाद या दोहोंच्या सीमेवरचा होता: विलंबित लयीला गूल्ड वैकृत मानत होते, बर्नस्टाइनना ती प्राकृताला धक्का लावणारी वाटत होती.

देवगिरीचा ग्रंथ

संगीताच्या बाबतीत हा विचार करणारा एक थोर ग्रंथ मराठवाड्याच्या भूमीवरच लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः राज्याच्या जमाखर्चाच्या खात्यावर अधिकारी होता. ग्रंथाचे सात अध्याय स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे आहेत. नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार तो सांगतो. अनाहत नाद योग्यांच्या उपासनेचा. लोकांचे रंजन आणि संसारातून सुटकाही आहत नादाच्या मार्गाने साधते, अशी त्याची भूमिका आहे. ऐकू येणाऱ्या, क्षणात विरणाऱ्या नादाला त्याने अशी मोक्षाच्या वाटेवर जागा दिली.

प्रकीर्णक अध्यायात तो गायकांचे पाच प्रकार देतो. उणीव न ठेवता शिकवू शकणारा तो शिक्षाकार. दुसऱ्याच्या ढंगाचे अनुकरण करणारा अनुकार. रसात बुडून गाणारा रसिक. श्रोत्यांना रिझवणारा रंजक. आणि गीतात काही अधिक भर घालून त्याला उंचावणारा भावक. आजच्या ध्वनिमुद्रणांना ही कसोटी लावून पाहावी. गुरूच्या मुद्रिकेची तंतोतंत नक्कल करणारा गायक अनुकार आहे. परंपरा टिकण्यासाठी तोही हवा. पण रचना पुढे जाते ती भावकामुळे. लहानपणी तबकड्यांवरचे गाणे हुबेहूब गाणारे आणि पुढे बालगंधर्वांची पदे स्वतःला उमजल्याप्रमाणे गाणारे कुमार गंधर्व हे एकाच माणसाने अनुकारापासून भावकापर्यंत केलेल्या प्रवासाचे उदाहरण आहे.

अभंग आणि शबद

भक्तिसंगीतात हा प्रश्न थेट धार्मिक होतो, कारण इथे अढळ मानलेली गोष्ट पवित्रही असते. नांदेड जिल्ह्यात त्याची दोन उत्तरे एकाच भूमीवर नांदताना दिसतात.

जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात, सहस्रकुंड धबधब्याजवळ इस्लापूर आहे. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलीही कानावर पडतात. अशा गावांसह मराठवाड्यात गावोगाव होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहांत पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काल्याचे कीर्तन असा क्रम असतो. टाळ, वीणा आणि पखवाज यांच्या साथीत ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांचे अभंग म्हटले जातात. या परंपरेत अभंगाचे शब्द अढळ. चाल मात्र मंडळाची, गावाची, फडाची. गाथ्यात अभंगावर रागाचे बंधन नाही. शब्द चुकला तर टाळकरी सावरून घेतात. चाल वेगळी असली तर कुणी अडवत नाही. वारकऱ्याच्या लेखी प्राकृत ध्वनी म्हणजे संताचा शब्द आणि देवाचे नाव.

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, नांदेडला, गोदावरीकाठी सचखंड हुजूर साहिब हा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथेच शीख धर्मग्रंथाला गुरुपद दिले. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे गाव म्हणून मानले जाणारे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. म्हणजे या प्रदेशाचा संत पंजाबात गेला आणि त्याची वाणी ग्रंथरूपाने गोदाकाठी परतली. ग्रंथात ही पदे राग तिलंग, गोंड, भैरो, मलार अशा १८ रागांखाली विभागलेली आहेत. इथे शब्दाबरोबर रागाचे नावही धर्मग्रंथाचाच भाग झाले आहे. पण ग्रंथात स्वरलिपी नाही. रागाचे नाव दिले, त्याचे स्वरूप रागी कीर्तनकारांच्या परंपरेवर सोपवले. त्यामुळे शबद-कीर्तनाची, म्हणजे या ग्रंथातल्या पदांच्या गायनाची, ध्वनिमुद्रणे ताडून पाहताना 'हा राग कोणत्या रूपात गायचा' हा प्रश्न अभ्यासकांना गंभीरपणे हाताळावा लागतो. वारकऱ्याला तो पडत नाही.

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी सुसंगत आहेत. एका परंपरेने शब्द नित्य धरला आणि चाल लोकांना दिली, म्हणून अभंग गावोगावच्या गळ्यांत शिरला. दुसरीने शब्द आणि राग दोन्ही नित्य धरले, म्हणून गायनाला एक शिस्त आली. कोणी किती अढळ धरले यावरून श्रद्धा कमी-जास्त ठरत नाही.

ध्वनिमुद्रणाचा परिणाम मात्र दोन्हींवर झाला आहे; अभंगात तो स्पष्ट दिसतो. राम फाटक यांनी चाल दिलेला नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' भीमसेन जोशींच्या आवाजात महाराष्ट्रभर पोहोचला. शास्त्रीय गायकाच्या तपश्चर्येने अभंगाला नवे वैभव मिळाले, यात शंका नाही. पण हजारो ठिकाणी तेच ध्वनिमुद्रण वाजू लागले की ती चाल अभंगाची मूळ चालच वाटू लागते. तरुण भजनी गायक आलापाच्या जागा, ठेहराव, श्वाससुद्धा त्याबरहुकूम घेतो. जे वैकृत होते ते प्राकृत समजले जाते. गायकाने आपल्या भावक वृत्तीने केलेले काम श्रोता अनुकाराच्या वृत्तीने गोठवतो. यात गायकाचा काही दोष नाही. एकच ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकण्याचा हा परिणाम आहे.

ध्वनिमुद्रणाला पूजेचे स्थान मिळणे मुळात गैर नाही. पुण्यात १९५३ पासून होत असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या मुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. त्या वेळी हजारो श्रोते निःशब्द बसतात. पण त्याच मंचावर आधी त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांचे गाणे झालेले असते. मुद्रिका तिथे परंपरेचा शेवटचा शब्द म्हणून वाजत नाही. जिवंत गाण्याच्या शेजारी ती स्मरण म्हणून वाजते.

तुलनेची रीत

यावरून तुलनेची एक शिस्त निघते. पहिली पायरी म्हणजे यंत्राचे आणि प्रसंगाचे वेगळे करणे: तबकडी तीन मिनिटांची होती काय, रचनेतला भाग गाळला आहे काय, मैफल होती की स्टुडिओ, गायकाचे वय काय होते. श्नाबेल यांनी बीथोव्हनचा चौथा आणि पाचवा कॉन्चेर्टो १९४२ साली शिकागोत संचालक फ्रेडरिक स्टॉक यांच्यासह पुन्हा मुद्रित केले. दहा वर्षांनी तोच वादकही तसाच्या तसा राहत नाही. दुसरी पायरी म्हणजे ती परंपरा काय अढळ धरते ते जाणून घेणे. कॉन्चेर्टोच्या कसोटीने अभंग तोलू नये आणि अभंगाच्या मोकळीकीने शबद तोलू नये. तिसरी पायरी अन्वय-व्यतिरेकाची. सर्व ध्वनिमुद्रणांत जे टिकते ते अन्वयाने रचनेकडे बोट दाखवते. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तरीही रचना ओळखू येते, ते गायक-वादकाचे. आणि जे काढताच ओळखच बुडते, ते रचनेचा प्राण. यासाठी कमीत कमी दोन ध्वनिमुद्रणे लागतात. जितकी अधिक, तितका निर्णय पक्का.

सर्वांत चांगले कोणते, हा प्रश्न यानंतर विचारता येतो आणि तेव्हाच त्याला अर्थ असतो. त्याचे उत्तर एक येईलच असे नाही. एक ध्वनिमुद्रण रचनेची बांधणी उघड करील, दुसरे तिची करुणा. मीमांसकांचे एकत्व आणि नैयायिकांचे वेगळेपण दोन्ही ध्यानात ठेवणारा श्रोता दोघांचा मान राखतो. संतांनीही नाम एक मानले आणि ते घेणाऱ्या मुखांची गणती केली नाही.

इस्लापूरसारख्या गावांसाठी यातून एक तातडीचे काम निघते. बीथोव्हनच्या कॉन्चेर्टोंची इतकी ध्वनिमुद्रणे आहेत की एक हरवले तरी रचना हरवणार नाही. सीमेवरच्या गावातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या गळ्यातली काकड्याची चाल मात्र त्याच्याबरोबर जाईल, आणि त्या अभंगाच्या अनेक रूपांपैकी एक रूप कायमचे मिटेल. आज मोबाइल बहुतेक घरांत आहे. भजनी मंडळांनी, शाळांनी, नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील संगीत विभागांनी गावोगाव जाऊन एकच अभंग वेगवेगळ्या चालींत मुद्रित करावा. गाणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव, गाव, तारीख आणि चाल कुणाकडून आली ते नोंदवावे. मोठ्या गायकाची मुद्रिका तर जतन होणारच आहे. तिच्या शेजारी ठेवायला गावाचा आवाज उरला, तरच अभंगातले संताचे काय आणि गाणाऱ्याचे काय, हे पुढच्या पिढीला ओळखता येईल.